नावेच्या गाडीचा मालक

"ते ठीक आहे. पण याच्या आधी कुणाची होती?"

आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, समोर आलेला कागद आधी वाचत नसत. खिडकीकडे धरून तो उजेडात बघत, मग उलटून मागची बाजू तपासत, आणि मागची बाजू कोरी निघाली की जास्तच बेचैन होत. मग चष्मा कपाळावर चढवायचा आणि हा प्रश्न. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. त्याला तुम्ही हसतही असाल. आम्हीही हसत होतो.

संस्थानं विलीन होऊन नुकताच मध्यभारत झाला होता. शहराच्या फ्रीगंज भागात मोटारींच्या नोंदणीची कचेरी होती आणि मी तिथे टायपिस्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "वडील काय करतात?"

"रेल्वेत आहेत."

"त्याच्या आधी?"

मी टाइप केलेलं पत्र ते कधी वाचत नसत, त्याची कार्बन प्रत वाचत. वरच्या कागदावर एक आणि खाली दुसरंच उमटू शकतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा मी म्हटलं, "बडे बाबू, असं कसं होईल?" तर म्हणाले, "नाही होत. मला मालूम आहे नी. तरी बघून घेतो." टॉवरजवळच्या हॉटेलात चहा पिताना दूध कुणाच्या म्हशीचं, हेही ते विचारून घेत. शाईचा पॅड संध्याकाळी कुलपात जाई.

पण त्या दिवसांत असा माणूस कचेरीला हवाच होता. जितकी संस्थानं तितक्या तऱ्हेच्या नंबरपट्ट्या, आणि कुठून कुठून येणाऱ्या गाड्या. एकदा एक भारदस्त गृहस्थ जीप घेऊन आले. कागद चोख, वर मोठ्या माणसाची चिठ्ठी. बडे बाबू अंगणात गेले, धोतर सावरून जीपखाली आडवे झाले आणि लोखंडावर कोरलेल्या नंबरावर ओला खडू घासत बसले. आठाच्या आत पुसट तीन दिसला. गृहस्थ जीप तिथेच सोडून गेले ते पुन्हा आले नाहीत. त्या दिवसापासून आम्ही थोडं कमी हसायला लागलो.

मांगीलाल केवटाची गाडी आली ती एका चैत्रात. केवट म्हणजे नावाडी. उन्हाळ्यात क्षिप्रेचं पाणी उतरलं की तो आपली नाव एका दोनचाकी गाडीवर चढवून चंबळेवर नेई आणि तिथे माणसं पार करी. गाडी म्हणजे लाकडी चौकट आणि खाली मोटारीची दोन रबरी चाकं. एरवी तिला बैल ओढत. त्या साली नाव उतरवून ठेवून तो रिकामी गाडी दुरुस्त करायला घेऊन निघाला आणि ओळखीच्या ट्रकच्या मागे बांधली. नाक्यावर पोलिसांनी अडवून ती आमच्याकडे पाठवली.

नियम असा, की बैलांनी ओढली तर बैलगाडी, तिच्याशी आमचा संबंध नाही. मोटारीने ओढली तर ती ट्रेलर. तिला नंबर हवा, आणि नंबरासाठी मालकीचा कागद हवा.

"और हाथ से धकेलूं तो?" मांगीलालने विचारलं.

बडे बाबूंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "ज़्यादा होशियारी नहीं. ये चाकं कुठली? पहले किसकी थी?"

"म्हारे बाप की. दरबार के मोटरखाने से मिली थी. साहब लोग बतख मारने जाते, उनकी नाव इसी पे जाती थी. पुरानी हो गई तो बाप को दे दी."

"कागद?"

"कागद कौन देता, बाबूजी? दे दी, बस."

बडे बाबूंनी गाडी अंगणात निंबाखाली साखळीने बांधून घातली.

मांगीलाल दर दोन-तीन दिवसांनी येई. नाव घाटाच्या उताराला कोरडी पडली होती आणि उन्हाने तिच्या फळ्या उकलत होत्या. तो रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावर घागरींनी पाणी ओतत होता. ते सांगताना त्याचा आवाज चढत नसे. मला राहवलं नाही. "बडे बाबू, माणूस खरं बोलत असेल," मी म्हटलं.

"असेल नी. चोरही असंच शांत बोलतात, बाई."

पण त्यानंतर त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली. रजा घेतलेली मी त्यांना कधी पाहिली नव्हती. ते ग्वाल्हेरला गेले. नोकरीची सुरुवात त्यांनी तिथल्याच दरबारच्या मोटारखान्यात कारकून म्हणून केली होती, आणि जुनी दप्तरं अजून एका कोठीत पडून होती. मांगीलालचं खोटं पकडायलाच ते गेले, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. दुपारी खोलीत कुणी नसताना त्यांनी माझ्यापुढे एक नक्कल ठेवली. मोडीत काढलेल्या सामानाची यादी होती. मधेच एक ओळ: नाव वाहण्याची गाडी, चाकं दोन, निकामी, नावाड्यास बक्षीस. खाली कारकुनाची सही.

सही त्यांची होती.

"एका दुपारी शंभरेक वस्तूंच्या याद्यांवर सह्या केल्या होत्या," ते म्हणाले. "गाडी मी पाहिलीसुद्धा नाही, बाई. साहेब म्हणाले कर, मी केली." मग नक्कल पालथी ठेवत म्हणाले, "मला आठवतच नव्हतं."

मग त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, मला टाइप करायला लावला आणि मांगीलालला बोलावणं पाठवलं. फक्त अंगठा द्यायचा, की गाडी त्याच्या नावावर.

मांगीलालने हात मागे घेतला. "इसमें क्या लिखा है?"

"गाड़ी तुम्हारी है, ये लिखा है."

"इतने दिन नहीं थी. आज कैसे हो गई?"

मांगीलालच्या काकाने असाच एक अंगठा दिला होता आणि त्याचं शेत गेलं होतं. मी कागद वाचून दाखवला. त्याने माझ्याकडेही त्याच नजरेने पाहिलं. मीही कचेरीचीच. शिपाई हसला, तेव्हा बडे बाबूंनी त्याला बाहेर काढलं.

"काय केलं म्हणजे तुझा भरोसा बसेल?" ते मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत म्हणाले, "बोलो, क्या करूं?"

मांगीलालने शाईच्या पॅडकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "पहले आप लगाओ."

बडे बाबूंचं अक्षर सबंध कचेरीत सुंदर. त्यांनी पॅड उघडला, उजवा अंगठा शाईत दाबला आणि आपल्या सहीशेजारी ठसा उमटवला. मांगीलालने वाकून तो नीट पाहिला आणि मग शेजारी आपला दिला. साखळी काढायला बडे बाबू स्वतः गेले. कुलपावर निळा डाग पडला.

नाव वाचली, पण चंबळेचा तो हंगाम गेला तो गेलाच. मांगीलालने राम राम केला तोही मला, त्यांना नाही. बडे बाबूंनी ते पाहिलं. त्यांचा संशयी स्वभाव काही गेला नाही. फरक पडला तो इतकाच, की गाडी अडवली की ते मालकाला तारीख घालून चिठ्ठी लिहून देत आणि गाडी सुटेपर्यंत रोज मला विचारत, "तो माणूस आला होता का?"

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला आणि बडे बाबूंची बदली दूर सागरला झाली. निघायच्या सकाळी मी त्यांच्या घरी गेले. दारात मांगीलालची गाडी उभी. त्याला कुणी सांगितलं, मला आजवर कळलेलं नाही. त्याने ट्रंका, गादीची वळकटी, देवांची पेटी चढवली आणि नाव बांधायच्या दोरांनी आवळली. बडे बाबूंच्या पत्नी आधीच टांग्याने पुढे गेल्या होत्या.

"बैठो, बाबूजी."

"नको. मी चालतो."

टॉवरपर्यंत ते छत्री काखेत धरून गाडीच्या मागे चालले, एक हात ट्रंकेवर ठेवून. तिथे मांगीलालने बैल थांबवले आणि तो मागे वळून नुसताच उभा राहिला. बडे बाबूंनी इकडेतिकडे पाहिलं, चपला काढून गाडीत ठेवल्या आणि वर चढून वळकटीवर बसले. पाठ बैलांकडे, तोंड मागून चालत आलेल्या माझ्याकडे. गाडी स्टेशनाच्या रस्त्याला वळली, तेव्हा होडीत पहिल्यांदा बसलेल्या माणसासारख्या त्यांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या.