चांगुणाबाईंची पुजलेली चाकं

चांगुणाबाईंनी आपल्या पोराच्या, हर्षलच्या टाळक्यात जॅकची दांडी घातली, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळच्या दुधाबरोबर आली. दुपारी पोराला टाके पडले आणि संध्याकाळी शेवगावच्या बाजारात तर तो नगरच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. मी समोरच राहतो आणि तेव्हा तिथं हजर होतो, म्हणून खरं ते सांगतो. दांडी बसली टायरला. हर्षल घाबरून मागं सरला आणि ट्रकच्या फाळक्यावर आपटला. टेंगूळ त्याचं त्यानंच कमावलं. राग मात्र बाईंचा होता, आणि रास्त होता.

या बाईंना मी कधी थंड पाहिलेलं नाही. नवरा गेल्यावर ट्रक विकून टाका म्हणणाऱ्या दिराला त्यांनी चहासुद्धा न देता वाटेला लावलं. ट्रक चालवतो हर्षल, पण शेजारच्या सीटवर बाई बसल्या की गिअरसुद्धा त्यांना विचारून पडतो. हंगामात उसाची वाहतूक, त्यावर घर.

यंदा हंगामाआधी बाई माहेरी पुणतांब्याला गेल्या आणि पोराला मोकळं रान मिळालं. कुठल्याशा मोडीतल्या डंपरची मोठाली चाकं त्यानं ट्रकला चढवली. ओंकार म्हणून त्याचा एक दोस्त आहे, काम शून्य, कौतुक फार. तो म्हणाला, गाडी वाघावानी दिसती. बाई परतल्या तो नेमका दसरा. टायरांना कुंकू लागलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या, नारळ फुटलेला. आणि पुजलेली वस्तू हंगाम संपेपर्यंत जागची हलवायची नाही, हा कायदा त्या घरात बाईंचाच. त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि गप्प बसल्या. मी तर कॅलेंडरवर खूणच करणार होतो.

पहिल्याच खेपेला वाघाचं मांजर झालं. फडातून रस्त्यावर यायला पाटाच्या भरावावरची चढण लागते. भरलेला ट्रक अर्ध्यात गेला, गुरगुरला आणि थांबला. हर्षलनं पुन्हा रेस केली, तसा क्लच जळाल्याचा वास सुटला. आता ओझं कमी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पहाटेपासून ऊस तोडून, मोळ्या डोक्यावर घेऊन, फळीवरून चढून ज्या बायांनी ट्रक भरला होता, त्याच बाया पुन्हा वर चढल्या आणि मोळ्या खाली टाकू लागल्या. ट्रक रिकामा वर गेला की त्याच मोळ्या भरावावर नेऊन परत भरायच्या. ओंकार मोबाईलवर शूटिंग करत होता. आम्ही बाकीचे गडी कडेला उभं राहून सल्ले देत होतो.

तेवढ्यात बाई आल्या. दांडी चालली ती तेव्हा. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, जीभ चालती तसे हात चालू द्या जरा." मी मोळ्या उचलायला लागलो. माझी कंबर अजून बोलते आहे.

ऊसतोड टोळीचा मुकादम रंभाजी पाथर्डीकडचा, आवाज न चढवता बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "मालकीणबाई, पुन्हा आसं झालं तर आमी दुसऱ्या गाडीवर जाऊ. बाया दोनदा वझं उचलायच्या न्हाईत." टोळी गेली म्हणजे हंगाम गेला. भर हंगामात दुसरी टोळी झाडाला लागत नाही.

बाई तशाच शेवगावला कल्याण मिस्त्रीकडे. तो म्हणाला, चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त रस्ता कापते, पण इंजिन तेच, म्हणून ओढ कमी पडते. मावशी, सोपं सांगतो, जुनी चाकं घाला. बाई कडाडल्या, "पुजलीत ती." मग दुसरा उपाय, तो म्हणाला, मागच्या अॅक्सलच्या पोटात क्राऊन-पिनियन म्हणून दातेरी जोडी असते, ती चाकं न काढता बदलायची. नवी जोडी अशी, की चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टनं आधीपेक्षा जास्त फेरे मारायचे. जोर वाढतो, वेग कमी होतो. हर्षलचं तोंड उतरलं. गाडीची बैलगाडी होईल, पोरं हसतील, म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि अॅक्सल खोलायला पहिला पाना त्यानंच लावला.

ट्रक परत आला तेव्हा बाईंनी फर्मान काढलं, की गाडी अडकलीच तर टोळीतल्या कुणी हात लावायचा नाही. ज्यांना वाघ दिसला होता त्यांनी मोळ्या उतरवायच्या. ओंकारला घरातून बोलावून आणलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चुंबळी मांडीवर ठेवून बाया भरावावर बसल्या. रंभाजी उभाच होता.

भरलेला ट्रक चढणीला लागला. पहिल्या गिअरवर, सावकाश, दम न सोडता. अर्ध्यात, जिथं तो अडला होता तिथं, बाईंची मूठ आवळलेली मी पाहिली. ट्रक थांबला नाही. सगळ्या उसासकट रस्त्यावर जाऊन उभा राहिला. रंभाजीनं कोयता खांद्यावर टाकला आणि टोळीला पुढच्या सरीकडे चला म्हणाला.

शर्ट वाचल्यामुळे ओंकारला वाचा फुटली. म्हणाला, "काकू, चढली खरी, पर आता ही गाडी पळायची न्हाई."

चांगुणाबाई केबिनमध्ये चढता चढता म्हणाल्या, "तुला घाई आसंल तर तू पळ. ऊस यील चालत."