चंद्रावरचा पाव

चंद्रावर पाव खाल्ल्याबद्दल प्रायश्चित्त घेतलेला ठाणे जिल्ह्यातला पहिला माणूस मी आहे. दुसरा कुणी होईल असं वाटत नाही.

त्या काळी मी ठाण्याला शाळामास्तर होतो, आणि मास्तर लोकांना होतो तो ग्रंथ लिहिण्याचा रोग मलाही झाला होता. एक विद्वान गृहस्थ वाफेचं विमान करून चंद्रावर जातो आणि ग्रहण म्हणजे नुसती पृथ्वीची सावली आहे हे तिथून सिद्ध करतो, अशी माझी कथा. ती ज्या शिळाछापवाल्यानं छापली तो जन्मभर पोथ्याच छापत आलेला. त्यामुळे माझं विमानही पोथीच्याच आडव्या पानांवर, पोथीच्याच टपोऱ्या अक्षरांत उडालं. प्रती पुष्कळ निघाल्या, वाचक मात्र एकच निघाला, आमची सौभाग्यवती. (तिला वाचायला मीच शिकवलं होतं, तिच्या माहेरी न कळू देता!) लिहून होताच तिनं कच्चे कागद वाचले आणि एवढंच म्हणाली, "इतक्या लांब गेला, पण खाल्लं काहीच नाही त्यानं." बायकांना विज्ञानातलं काय कळतं, असं मी तिला ऐकवलं, आणि गुपचूप कथेत जेवणाचं एक पान वाढवलं.

पण माझा जीव अडकला होता तो कल्याणच्या सासऱ्यांच्या मतात. वाचनात त्यांचा दबदबा असा, की त्यांनी नुसती मान डोलावली तर अर्धं कल्याण माझं पुस्तक वाचायला घेणार. अडचण होती त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आत्याबाईंची. पुस्तकाला कातड्याचा पुठ्ठा, शाईत चरबीचा संशय. असली वस्तू त्या ओसरीच्या आत येऊ देईनात.

शेवटी अधिक महिन्यात अनारशांचं वाण घ्यायला आम्ही दोघं कल्याणला गेलो, तेव्हा मी तोडगा काढला. पुठ्ठा कापून टाकला. त्याला चिकटलेलं माझ्या नावाचं पान त्याच्याबरोबर गेलं, पण म्हटलं, नावात काय आहे. शाईत तूप आहे अशी शपथ घेतली, सुटी पानं पोथ्यांसारखीच दोन फळ्यांत घालून तांबड्या फडक्यात बांधली. आत्याबाईंनी गठ्ठ्यावर पाणी शिंपडलं आणि तो देवघरात पोथ्यांच्या फळीवर ठेवला. मी मनातून फार खूश झालो.

दुपारी ओसरीवर रोजचं पोथीवाचन सुरू झालं. आत्याबाई, शेजारचे नाना, आळीतली चार मंडळी जमलेली. सासऱ्यांनी चष्मा चढवला, नमस्कार केला, तांबडं फडकं सोडलं आणि लांबलचक सुरात वाचलं, "मग त्या महाविद्वानानं यंत्राची कळ दाबली." तोंडाजवळ नेलेला अनारसा मी खाली ठेवला. गठ्ठा चुकला होता! सांगायला मी तोंड उघडलं, तोच आत्याबाईंनी माझ्या विमानाला हात जोडले. आजवर ज्याला कुत्र्यानंही वाचलं नाही अशा लेखकानं त्या वेळी तोंड मिटलं तर त्याला फाशी देऊ नये.

विमानाचं कुणाला नवल वाटलं नाही. देवादिकांची असतातच. त्याला वाफ कशाला लागते एवढीच शंका नानांनी काढली, तर कलियुग आहे, असं सासऱ्यांनी समजावलं. मग ग्रहणाचं प्रकरण आलं. ग्रहणात सावली पडते, या एका मुद्द्यावर लग्न झाल्यापासून मी सासऱ्यांशी भांडत होतो. त्यांनी ते प्रकरण वाचलं, चष्मा नाकावर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ऐका जावईबापू. तुम्ही हे साहेबाच्या पुस्तकातून शिकता. आमच्या ऋषींनी केव्हाच लिहून ठेवलंय."

मी मान हलवली. नुसती सावलीच असेल तर ग्रहणाच्या स्नानाला शहाडला नदीवर जायचं की नाही, असं नानांनी विचारलं. सावली पृथ्वीची म्हणजे आपलीच, तेव्हा आता दोनदा स्नान करा, असा निकाल आत्याबाईंनी दिला. काय ही भाषा, असं लिहिणारे आता होणे नाही, म्हणून सासऱ्यांनी उसासा टाकला. मी इतका फुगलो की पुढचं पान जेवणाचं आहे हे मला फार उशिरा आठवलं. घसा बसेल, आज पुरे, असं मी म्हणून पाहिलं. सासरे अध्याय अर्धा सोडणारे नव्हते. दाराआडून सौभाग्यवतीच्या खोकल्याचा आवाज आला.

"नंतर त्या महात्म्यानं पृथ्वीच्या चांदण्यात बसून आनंदानं पाव खाल्ला."

पाव खाणारा जातीबाहेर जातो, हे कल्याणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आत्याबाईंनी जोडलेले हात सोडले. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. अधिक महिन्यात, देवासमोर, स्वतःच्या तोंडानं त्यांनी पाव वाचला होता, आणि नाना तो संध्याकाळपर्यंत गावभर वाटणार होते. त्या भल्या माणसाची ती दशा मला पाहवेना.

"मामा, ही पोथी नाही," मी म्हणालो. "हे पुस्तक माझं आहे. सगळं मी लिहिलंय."

सासऱ्यांनी पानं मागेपुढे चाळली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"माझी लाज राखायला सगळं अंगावर घेताय, हा तुमचा मोठेपणा. पण मला भाषा कळते. पाव तेवढा तुमचा. बाकीचं ऋषींचं."

त्यांनी ते एक पान दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिलं. त्या पानाची भाषा मुळात हलकीच वाटली होती, असं नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोथीत पाव घुसडल्याबद्दल माझं क्षौर झालं, पंचगव्य पाजलं गेलं. गठ्ठा फळीवर परत गेला, आणि दर अधिक महिन्यात तो अजूनही भक्तिभावानं वाचला जातो.

आगगाडीनं ठाण्याला परतताना ते पान माझ्या खिशात होतं. काही का असेना, एक पान तरी जाणकारांनी माझं म्हणून कबूल केलं, असं सौभाग्यवतीला सांगत मी मिशीला पीळ द्यायला हात नेला. मिशी जागेवर नव्हती.

"आणि ते पानही," खाडीकडे पाहत ती म्हणाली, "मी सुचवलं होतं."