पाल्याचा पिपा

आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दोन दिवस उरले होते, तेव्हा माझी दाढ तुटली. शुक्रवारची सकाळ होती. वरणभाताच्या दुसऱ्याच घासाला कट् झालं. हातावर घेतलं तर एक खडा होता, आणि सोबत माझ्या दाढेचा कोपरा.

आमच्या भातात कधी खडा लागला नव्हता. तांदूळ शेतातलाच, खळ्यावर मळलेला, गावच्या गिरणीवर काढलेला. त्यात खडे असणारच. पण आई दुपारी दारात सूप घेऊन बसायची. मी बाजूला पुस्तक घेऊन. "मोठ्यानं वाच ना, मले बी ऐकू दे," ती म्हणायची. मी दोन ओळी वाचायचे आणि पुन्हा मनातच सुरू व्हायचे.

तिच्याकडे तांदळाचे दोन पिपे होते. एकात कडुनिंबाचा पाला असायचा. मला वाटलं, हा जुना, किडीपासून जपून ठेवलेला. म्हणून मी दुसऱ्यातला घेतला.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, कार्यक्रमासाठी आली होती. आईला ती बाई म्हणायची. तिनं कपाळावर हात मारला. "काऊन वो, त्यातला काऊन घेतला? निवडून झाला का मगच बाई पाला टाके. इतके वर्षं याच घरात जेवली ना तू?"

"मले वाटलं..."

"वाटन तुले. पुस्तकात लिवलं नसन ना!"

दुखणं सोसलं असतं, पण धार वाईट होती. संध्याकाळपर्यंत जीभ कापली, सुजली. आणि रविवारी मला वंदना म्हणायची होती.

आईला अक्षर येत नव्हतं. विहारात ऐकून ऐकून तिनं सगळी वंदना पाठ केली होती, आणि तीच पुढे म्हणायची, आम्ही मागून. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "माया कार्यक्रमात वंदना तूच म्हणशीन. तुया भावाचा आवाज मोठा हाय, पण तो चुकते." मी मान हलवली. मी ग्रंथालयात काम करते, दिवसभर लोकांना हळू बोला म्हणते. चार माणसांपुढे आवाज काढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ब्रह्मपुरीला दातांच्या डॉक्टरांकडे फोन लावला. ते लग्नाला गेले होते. तिथली मुलगी म्हणाली, "सोमवारी या मॅडम. तोवर कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा, त्या बाजूनं चावू नका. धार लागत असेल तर वरून थोडं मेण लावा."

मावशीनं लवंग कापसात गुंडाळून आधीच तयार ठेवली होती. मेणाचं ऐकून ती उठली आणि रविवारसाठी आणलेला मेणबत्त्यांचा पुडा घेऊन आली.

"त्या फोटोपुढच्या आहेत," मी म्हटलं.

"कोरी हाय, जळलेली नाई. आन् बाई का नाई म्हनन? आ कर."

तिनं नखानं मेण खरवडलं, चिमटीत मळून मऊ केलं आणि दाढेवर दाबलं. तिच्या बोटांना लवंगेचा वास होता. पहिलं मेण चहासोबत निघून आलं. "गरम चहा ढोसून राह्यली, मेण का राहीन?" त्यानंतर मी गार चहा प्याले.

पाल्याच्या पिप्यातला तांदूळ पंगतीला पुरणार नव्हता. म्हणून शनिवारी आम्ही दोघी दारात सूप घेऊन बसलो. थोड्या वेळानं मावशी म्हणाली, "चूप काऊन? म्हण. दाढेले सवय लागू दे." मी म्हणू लागले. प्रत्येक 'स'ला जीभ अडायची. खडे वेचत मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. दुपार सरेपर्यंत तीनचार वेळा सगळी म्हणून झाली. त्या दारात मी इतका वेळ मोठ्यानं कधीच बोलले नव्हते. ऐकायला मावशी होती, आणि मला तेवढ्यानं भागवावं लागलं.

रविवारी आईच्या फोटोपुढे मेणबत्त्या पेटल्या. पुड्यातली एक खरवडलेली होती. मावशीनं तीही लावली. मी म्हणायला लागले. पंचशीलाच्या मध्येच मेण सुटलं. ते जिभेनं गालात ढकललं आणि तशीच पुढे म्हणत गेले. जीभ झोंबत होती. माझ्या मागून म्हणताना भाऊ एका ठिकाणी चुकला. मावशीनं डोळे न उघडता मला कोपर लावलं.

नंतर पंगत बसली. वाढताना माझा कान लोकांच्या चावण्याकडे होता. कुठूनही कट् आलं नाही. भाताचं भांडं घेऊन मावशी जवळून गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "शेवटपर्यंत ऐकू आलं का?"

"मांडवाच्या टोकाले नाई आलं," ती म्हणाली. "पण चुकली नाई. बाईले तेवढंच पाह्यजे होतं."