झोपलेल्यांना उठवणाऱ्या कांबळे सिस्टर

दुपारी कुणाचं घोरणं वेगळं वाटलं, की कांबळे सिस्टर न विचारता घरात शिरायच्या आणि छातीच्या मधल्या हाडावर मूठ रगडून त्याला उठवायच्या. मोहन्यातल्या आमच्या चाळीत त्यापायी किती शिव्या खाल्ल्या त्यांनी! "झोपलेला माणूस शिवी देतो," त्या म्हणायच्या. "शिवी आली की मी निघाले." कल्याणच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला, निवृत्त झाल्या तरी खोड गेली नाही.

माझा भाऊ नितीन नशेच्या गोळ्या घ्यायचा. एका दुपारी तो उठेना, तेव्हा आई लिंबूपाणी पाजायला बसली. आमच्याकडे सगळ्या नशांवर लिंबू! सिस्टरांनी पेला हिसकावला. "अगं, श्वासात जाईल त्याच्या! ओठ बघ, निळे पडलेत." मला ॲम्ब्युलन्सला फोन लावायला सांगून, त्याचं नाक दाबून त्या तोंडाने श्वास देत राहिल्या. दवाखान्यात आई डॉक्टरांना म्हणाली, "काही घेतलं नाही हो, उपाशी होता." सिस्टरांनी गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढे केलं. "लाज घरी जाऊन वाटून घ्या."

शुद्धीवर येताच नितीनने पहिली शिवी त्यांनाच घातली. त्या खूश झाल्या. मला मात्र बजावलं, "पुन्हा असा घरघर घोरला तर झोप समजू नकोस. नाही उठला तर ओरड, अख्खी चाळ गोळा कर."

पुढच्या वर्षी सिस्टर पेन्शनच्या कामाला ठाण्याला गेलेल्या. नितीन घोरत होता, घरघर. मला ऐकू येत होतं. पण दारासमोर बायका बसलेल्या, आणि मागच्या वेळची कुजबुज अजून संपली नव्हती. मी दार लोटलं, टीव्ही मोठा केला. म्हटलं, उतरेल. तासाभराने घोरणं थांबलं, तेव्हा मला बरं वाटलं.

सिस्टर परतल्या त्या थेट आमच्याकडेच आल्या. त्याच्या गळ्याला बोटं लावली, काढली.

"घोरत होता का गं?"

"नाही. शांत झोपलेला."

त्यांनी चादर त्याच्या तोंडावर ओढली. मी रडले नाही, तेव्हाही आणि नंतरही.

परवा दुपारी सिस्टर झोपेतच गेल्या. सगळे बघत असताना मी त्यांच्या छातीच्या हाडावर मूठ रगडली.

"घोरत होता, सिस्टर," मी म्हटलं, आणि शिवीची वाट बघत बसले.