पाच फ्रेम

सुदेशला कशाचीही पटकन किळस यायची. कणकवलीच्या व्हिडिओ दुकानात लग्नाच्या कॅसेटी जोडताना कुणी तोंडात घास कोंबताना दिसला, की तो मान फिरवायचा. पण २००५ साली त्याला जी शिसारी आली, ती वेगळीच होती.

दुकानाचे मालक बाबलीशेठ यांनी पावसाळ्याच्या तोंडावर एका दशावतारी मंडळाच्या नाटकाची सीडी काढली. चित्र एका यंत्रावरून घेतलं, आवाज दुसऱ्यावरून, आणि दोन्ही अंदाजपंचे चिकटवून मोकळे झाले. सीडी घरोघर गेली आणि लोक बोलू लागले, की राजाचं काम करणाऱ्या दाजींचा पाय आता तालात पडत नाही. मृदंगाची थाप आधी येते, पाय मागून. दाजी म्हणजे सुदेशचे वालावलचे शेजारी. त्यांच्या पायांवर कितीतरी जत्रा रंगल्या होत्या. मंडळाच्या मालकांनी स्वतः कधी पुढे बसून नाटक पाहिलं नव्हतं. पण लोक बोलतात म्हटल्यावर तेही दाजींना घरी बसवायच्या गोष्टी करू लागले.

सुदेशने सीडी संगणकावर लावली आणि चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवलं. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला चाळीस मिलिसेकंद. दाजींचा पाय थापेमागून पाच फ्रेमनी पडत होता. पुढच्या प्रवेशातही पाच, शेवटच्यातही पाच. माणूस चुकला तर असा मापात चुकत नाही. मग त्याने मृदंगवाल्याच्या हाताकडे पाहिलं, आणि हसावं की थुंकावं हेच त्याला कळेना. हात कातड्याला टेकायच्या पाच फ्रेम आधीच थाप वाजत होती. ही सीडी सगळ्या गावाने पाहिली होती; पण नावं ठेवायला म्हातारा सापडल्यावर मृदंगाकडे बघतो कोण?

बाबलीशेठ भजी खात होते. सगळं ऐकून त्यांनी तेलकट बोटं सुदेशच्याच रुमालाला पुसली.

"चलता तां," ते म्हणाले. "लोक जेवताना बघतत, मोजपट्टी घेवन नाय."

नवी सीडी काढायला त्यांनी साफ नकार दिला. दाजींचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, म्हातारा आज ना उद्या जाणारच होता. सुदेशने तो रुमाल चिमटीत धरून कचऱ्यात टाकला.

तो मंडळाच्या मालकांनाच दुकानात घेऊन आला आणि मृदंगवाल्याचा हात दाखवला. मालक ओशाळले. वालावलच्या जत्रेत स्वतः पुढे बसून दाजींचं काम बघतो, ठीक वाटलं तर मंडळात ठेवतो, असा त्यांनी शब्द दिला.

जत्रेत दाजी राजा होऊन आले. थाप पडायच्या आधीच त्यांचा पाय पडला. दुसराही आधी. किती आधी, ते सुदेशला संगणकाशिवाय कळलं. मालकांनी थोडा वेळ पाहिलं, सुदेशकडे एक नजर टाकली आणि उठून गेले.

रंगपटात दाजी मुकुट उतरवत होते, भलतेच खुशीत. आज पाय असा कसा पडला, असं सुदेशने दबकत विचारलं.

"सुधारलंय मा," दाजी म्हणाले. "नातवान सीडी आणल्यान. पावसात रोज लावन बघलंय. पाय मागसून पडत होतो, लोक बोलत ता खरा. आता आधी टाकतंय. बरो दिसलो मा?"

"बरो दिसलो, दाजीनू," सुदेश म्हणाला.

बाहेर देवळाच्या वाटेवर बाबलीशेठ कंदिलाखाली तीच सीडी विकत बसले होते. सुदेश त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्या सीड्यांच्या चळतीवर थुंकला.