वहिनीच्या बाजूचे पाटे

माझ्या दादाला अक्कल नाही असं दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी त्याचं तोंड फोडीन. अक्कल आहे, भरपूर आहे. पण ती सगळी गाडीखाली. बाहेर निघताना हा ती तिथेच विसरून येतो.

पिकअप गाड्या उंच करून देणं हा त्याचा धंदा. चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असते ना, त्यांना पाटे म्हणतात. पाट्यांची कमान वाढवायची, एखादी पट्टी जास्तीची घालायची, खाली लोखंडी ठोकळा सरकवायचा, धक्के झेलणारे शॉकअप लांब टाकायचे, की गाडी अशी छाती काढून उभी राहते. कुणाला खराब रस्त्यासाठी हवी असते, कुणाला नुसती ऐट. हौसेला मोल नाही. सगळे त्याला पाटेमिस्त्री म्हणतात. स्वतः जेमतेम माझ्या खांद्याला लागतो, आणि गाड्या करतो ताडमाड. मी चिडवते, "दादा, देवाने तुझ्यात जी काटकसर केली ती तू गाड्यांवर वसूल करतोस." तो हसतो. त्याला राग येतच नाही, तो सगळा माझ्या वाट्याला आलाय.

मी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर इथेच राहायला आले. शेडच्या कोपऱ्यात मशीन टाकून सीटची कव्हरं शिवते. शेडच्या मागे दोन खोल्यांचं घर. दादा, वहिनी आणि मी. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब गेलेली.

पूर्वी गाडी तयार झाली की दादा वहिनीला शेजारच्या सीटवर बसवून फेरी मारायचा. तिच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. पाणी कुठल्या बाजूला सांडतं त्यावरून ती सांगायची, "अहो, मागचा उजवा पाटा कडक झालाय." तिने सांगितलं की दादा पुन्हा गाडीखाली. दोन्ही बाजूंत बोटभर फरक राहिला तरी तो गिऱ्हाइकाला गाडी नेऊ देत नसे. वहिनी ओल्या मांडीने खाली उतरायची आणि खदाखदा हसायची.

मग ती न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, जुळलं, पण जुळायचं तसं जुळलं नाही. डावीकडे झुकून चालते बिचारी. उंच गाडीत पाय पोचेना. दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा दादाने तिला सरळ दोन्ही हातांवर उचललं आणि सीटवर ठेवलं. "हलकी आहे हो, कापसासारखी!" असं चार माणसांत ओरडून सांगितलंही. तीही हसली. झालं! तेव्हापासून कुठेही जायचं म्हणजे तेच. मग वहिनीने हळूहळू जाणंच बंद केलं. गाडी लागते म्हणे. पेला धरणारी बाई, तिला गाडी लागते!

अशात त्यांची लेक बाळंत झाली. मुलगी झाली. फोनवर फोटो आले, नातीचं नाक आजीवर गेलंय असं सगळ्यांचं ठरलं. आता जायला हवं. आणि वहिनी हलेना. आज डोकं दुखतंय, उद्या पाहुणे येतील. मुलगी फोनवर रडली तरी हिच्या तोंडाला कुलूप. शेवटी मी तिला धुणं वाळत घालताना गाठलं.

"वन्सं, त्यांना सांगायचं नाही. माझी शपथ आहे," ती म्हणाली. "लेकीच्या सासरी अंगणात सगळे बसलेले असतात. त्यांच्यासमोर मी पोत्यासारखी उतरू? विहीणबाई बघतील, जावई बघतील. माझ्याने नाही व्हायचं."

मी दादाला म्हटलं, भाड्याची लहान गाडी करू. तर दादा फिस्कारला, "मिस्त्रीच्या घरची माणसं भाड्याच्या गाडीत? मग मी दुकान कशाला उघडून बसलोय?" शपथ होती म्हणून मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प बसणं म्हणजे काय शिक्षा आहे ते माझं मला ठाऊक.

चढायची अडचण आहे एवढं त्याच्याही डोक्यात शिरलं होतं. आधी त्याने लोखंडी स्टूल बनवलं. वहिनीने त्यावर कुंडी ठेवली. मग दाराखाली पायरी वेल्ड केली, ती तिच्या पायाला उंचच पडली. आणि मग एके दुपारी मी दोरा आणायला गेले असताना या शहाण्याने जे केलं, ते आजवर कुठल्या मिस्त्रीने केलं नसेल.

त्याची स्वतःची पिकअप म्हणजे दुकानाची पाटी. रस्त्याने जाणारा ती उंच गाडी बघतो आणि आत वळतो. म्हणून त्याने काय करावं? रस्त्याकडची बाजू तशीच ठेवली, आणि फक्त वहिनीच्या बाजूचे पाटे उतरवले! ठोकळे काढले, जास्तीच्या पट्ट्या काढल्या. गाडी एका अंगावर कलंडलेली. मी परत आले तर हा हात पुसत उभा, चेहऱ्यावर आनंद मावेना.

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"तिला चढता येईल, आणि गिऱ्हाइकाला बाहेरून कळणारपण नाही. मी माझ्या बाजूला बसलो की वजनाने येईल सारखी."

"तुझ्या वजनाने? तुझ्यापेक्षा तुझी पान्यांची पेटी जड आहे!"

तेवढ्यात वहिनी बादली घेऊन बाहेर आली. डावीकडे झुकत, एक एक पाऊल टाकत. समोर गाडी, तीही डावीकडे झुकलेली. शेडमध्ये एक गिऱ्हाईक बसलं होतं. चांगला माणूस, त्याला काही ठाऊक नव्हतं. तो हसून म्हणाला, "मिस्त्री, गाडीचं कंबरडं मोडलं की काय हो?"

वहिनीने बादली खाली ठेवली. गाडीकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शपथ गेली खड्ड्यात! गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून वाटेला लावलं आणि दादाला धरलं. "अरे मठ्ठा, तिला चढायची भीती नाही. विहिणीच्या दारात तू तिला चार लोकांसमोर उचलून उतरवशील, ती लाज आहे तिला. त्यापायी नातीचं तोंड बघितलं नाही तिने. आणि तू आता तिची चाल गाडीला लावून रस्त्यावर उभी केलीस!"

तो जुन्या टायरवर बसला. मला वाटलं, जास्तच बोलले मी.

मग उठला, जॅक उचलला आणि रस्त्याकडच्या बाजूखाली लावला. मी म्हटलं, "दादा, अरे, दुकानाची पाटी आहे ती."

"सतराचा पाना दे," तो म्हणाला.

दोन्ही बाजूंची कमान उतरली, मोठी चाकं गेली, जुनी बारकी आली. संध्याकाळपर्यंत गाडी कंपनीतून आली तशी साधी झाली. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, मिस्त्री, विकायची आहे का? तो मान हलवायचा आणि बोल्ट आवळायचा. वहिनी खिडकीतून बघत होती. मला दिसत होतं, त्याला नाही.

सकाळी ती इस्त्रीचं लुगडं नेसून बाहेर आली. दाराचा दांडा धरला, चांगला पाय आधी टाकला, आणि बसली. मी मध्ये, दादा स्टिअरिंगवर. वाटेत ती भरभरून बोलत होती. पिकं, पूल, दुकानाच्या पाट्या, सगळ्यावर. एवढं बोलणं तिने कुठे साठवून ठेवलं होतं कोण जाणे.

लेकीच्या अंगणात खरंच सगळे बसलेले. गाडी थांबली तसा दादा धावत वळसा घालून तिच्या दाराशी आला आणि सवयीने हात पुढे केले.

"सरका बघू," ती म्हणाली. पाय खाली टेकवले, पदर नीट केला, आणि सगळ्यांच्या देखत, आपली झुकत झुकत, ओट्यापर्यंत चालत गेली. विहीणबाईंनी उठून जागा दिली. लेकीने बाळ मांडीवर ठेवलं. वहिनी हसली, ते पेल्याच्या वेळचं हसणं होतं.

दादा गाडीच्या दारापाशीच उभा होता. हात अजून तसेच, अर्धवट पुढे. मी त्याच्या दंडाला धरलं, "चल ना आत, नात बघायची नाही का?"

"उचललं की हसायची गं ती," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिला आवडतं."