रथसप्तमीनंतर काय विकायचं?

सीझनमध्ये आमच्याकडे ऑर्डरी साठतात आणि सीझन संपला की किस्से. ऑर्डरी निदान कुरिअरवाला घेऊन जातो. किस्से घरातच राहतात आणि पाहुणे आले की चहाच्या आधी बाहेर येतात.

मी आणि माझी थोरली जाऊ उज्ज्वलाताई हलव्याचे दागिने करतो. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला घालतात ते, आणि बाळांना बोरन्हाणाला. नाशकात, म्हसरूळला, घराच्या खालच्या खोलीत करायचे आणि ऑनलाइन विकायचे. डिसेंबर-जानेवारीत जेवायला फुरसत नसते. रथसप्तमी झाली की सगळं ठप्प.

खोली सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. त्यांचं म्हणणं, "वर्षातून महिनाभर चालतो त्याला धंदा म्हणत नाहीत, सण म्हणतात." पहिल्या वर्षी ते एवढंच बोलून गप्प बसले. दुसऱ्या वर्षी मात्र सांगून टाकलं, "जूनपर्यंत वाट बघतो. तोवर खोलीत काही हालचाल दिसली नाही, तर गल्लीतल्या सरांना क्लाससाठी देणार." खोली गेली की धंदा गेला, हे आम्हा दोघींना कळत होतं. वरच्या मजल्यावर माणसंच कशीबशी मावतात, तिथे साखरेच्या गोणी कुठे ठेवणार?

* * *

पहिल्या वर्षी आम्ही शहाण्यासारखा सेल लावला होता. भर पावसाळ्यात, अर्ध्या किमतीत हलव्याचे दागिने! "ऑफ-सीझनला डिस्काउंट देतातच," असं मी ताईंना ठासून सांगितलं होतं.

एक ऑर्डर आली, कोकणातून. आम्ही मुकुट, हार, बाजूबंद असं सगळं नीट बांधून पाठवलं. पार्सल चार दिवस ओल्या हवेत फिरलं. पोचलं तेव्हा मुकुटाचा पाक झाला होता.

आता ही बाई आपली अब्रू काढणार म्हणून आम्ही धास्तावून बसलो. तिचा रिव्ह्यू आला, "दागिने चहात घातले. चहा छान झाला." वर पाच स्टार.

ताई म्हणाल्या, "मधुरा, पावसाळ्यात आपण चहापत्तीच विकू."

* * *

दुसऱ्या वर्षी रथसप्तमीनंतर फोन असा गप्प झाला की ताईंना तो बिघडल्यासारखा वाटायला लागला. त्यांनी घरातल्या दुसऱ्या फोनवरून धंद्याच्या फोनला रिंग दिली. वाजला. त्यांनी उचलला, स्वतःलाच "हॅलो" म्हणाल्या आणि ठेवून दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"रेंज आहे," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक नाही."

अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण तो हलत होता. हसत होते.

* * *

आणि मग मार्चमध्ये तो फोन खरंच वाजला. आदल्या वर्षी पहिल्या संक्रांतीला दागिने नेलेली सिन्नरची एक मुलगी बोलत होती. "ताई, माझं डोहाळजेवण आहे. तुम्ही फुलांचे दागिने करता का?"

आम्ही जन्मात केले नव्हते. "करतो की," उज्ज्वलाताई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कसे करतात गं?"

मेन रोडवरून सॅटिनच्या रिबिनी आणल्या, त्यांचीच फुलं वळली आणि शिकत शिकत दागिने केले. हार, वेणी, बाजूबंद, आणि सगळ्यात देखणा कंबरपट्टा. माप त्या मुलीनेच पाठवलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. हिरवी साडी नेसून मुलगी पाटावर बसलेली, बायका ओटी घेऊन ताटकळलेल्या, आणि कंबरपट्टा मागे वीतभर कमी.

"माप कुठलं दिलं होतंस गं?" ताईंनी विचारलं.

"लग्नातल्या घागऱ्याचं," मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

आमच्या दोघींची मिळून तीन बाळंतपणं झालेली. तरी पोट नावाची गोष्ट दोघींच्याही डोक्यात आली नाही! ताई मात्र डगमगल्या नाहीत. "रडू नकोस. पार्सलवरची रिबीन आहे ना, ती दोन्ही टोकांतून ओवा आणि मागे मोठा बो बांधा. डिझाइनच तसं आहे म्हणून सांगा."

त्याच आठवड्यात त्या कार्यक्रमाला आलेल्या दोघींच्या ऑर्डरी आल्या. दोघींचंही एकच म्हणणं, "मागे बो असलेलाच कंबरपट्टा हवा."

तेव्हापासून आमचा नियम झाला. माप नको, महिना सांगा.

* * *

एप्रिलमध्ये एका फोटोग्राफरने सात सेट भाड्याने मागितले. पोटुश्या बायकांचे फोटो, तेही दिंडोरीच्या द्राक्षबागेत. आम्ही दोघी सामान घेऊन हौसेने गेलो. बघतो तर बागेची छाटणी झालेली, वेलीवर औषधाला पान नाही. नुसत्या काड्या.

फोटोग्राफरचा चेहरा पडला. बागवाले काका म्हणाले, "आता कुठं आले तुम्ही? बागेचा बी ऑफ-सीझन हाय."

ताईंनी सामानाची पिशवी उलटी केली. त्यात वेणीसाठी आणलेली कापडी पानं होती, भरपूर. आम्ही दोघी, फोटोग्राफर आणि काका अशा चौघांनी मिळून एक अख्खी ओळ हिरवी केली. फोटो इतके सुंदर आले की नाशकात निम्म्या लोकांनी बाग कुठली म्हणून विचारलं, आणि उरलेल्यांनी दागिने कुठले म्हणून.

काका निघताना ओळीकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "लय भारी काम. हिला फवारणी बी लागायची नाय."

* * *

मे महिन्यात फोन थांबेना. बाळांना संक्रांतीची वाट बघायची सवय नसते, ती वर्षभर येत असतात, हे आम्हाला आधी का सुचलं नाही कोण जाणे.

अडचण एकच झाली. प्रत्येक फोनला आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, "कितवा महिना?" अण्णांना ते ऐकून भारी संकोच व्हायचा. पहिल्यांदा ते उठून बाहेर गेले. दुसऱ्यांदा टीव्हीचा आवाज वाढवला. पुढे पुढे फोन वाजला की आधी टीव्ही मोठा व्हायचा आणि मग आम्ही हॅलो म्हणायचो.

शेवटी ते ताईंना म्हणाले, "सूनबाई, हा प्रश्न लेखी विचारता येणार नाही का?"

खोलीबद्दल मात्र चकार शब्द नाही. सरांना जूनचा शब्द दिलेला होता आणि अण्णा शब्द मोडणारे नव्हेत. आम्ही दोघी दिवसा फुलं वळायचो आणि मनातून धसकलेल्या असायचो.

* * *

जूनच्या सुरुवातीला सर खोली बघायला आले. बायकोलाही बरोबर आणलं होतं. आम्ही आत फुलांच्या ढिगात बसलेल्या, हातातली सुई थांबलेली. अण्णा दारातच उभे राहिले. हात चौकटीला लावलेला, म्हणजे आत जायची सोयच नाही.

"खोली द्यायची नाही," अण्णा म्हणाले.

"अहो, पण तुम्हीच बोलावलंत ना?"

"तेव्हा बोलावलं होतं. आता सीझन चालू आहे."

"कसला सीझन?" सर म्हणाले. "संक्रांत तर जानेवारीत असते."

सरांच्या मागे त्यांची बायको कमरेवर हात ठेवून जरा टेकून उभी होती. अण्णांनी चष्मा वर सरकवला, तिच्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"यांना कितवा?"

"सातवा," सर गोंधळून म्हणाले.

अण्णांनी चौकटीवरचा हात काढला, वाट दिली आणि आत वळून हाक मारली, "सूनबाई, एक ऑर्डर घ्या. बो जरा मोठा ठेवा."